विनापरवाना सॉफ्टवेअर आणि कंपनीचे दायित्व: पुण्यातील लहान-मध्यम उद्योगांनी काय करावे

भोसरीतील टूलरूम असो, एरंडवण्यातील वास्तुविशारदाचे कार्यालय असो किंवा बाणेरमधील वीस जणांची सॉफ्टवेअर कंपनी असो, संगणक बिघडल्यावर बोलावल्या जाणाऱ्या माणसाचे एक वाक्य सगळीकडे सारखेच ऐकू येते: ‘फॉरमॅट मारतो आणि विंडोज, ऑफिस, कॅड सगळे टाकून देतो.’ त्याचे पैसे देऊन तो विषय संपला असे मालक समजतो. प्रत्यक्षात त्या दिवशी कंपनीच्या संगणकावर चोरीची प्रत बसलेली असते, आणि तिची जबाबदारी त्या माणसाबरोबरच कंपनीवर आणि कंपनी चालवणाऱ्या व्यक्तींवर येते. ही जबाबदारी कशी येते, ती टाळण्यासाठी कोणती कागदपत्रे आधीपासून तयार ठेवावीत आणि नोटीस हातात पडल्यावर काय करावे, याची माहिती येथे दिली आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला अनिवार्य आहेच. पण वकिलाकडे जाताना कोणती फाइल बरोबर न्यावी, हे ठरवण्याचे काम मालकाचेच आहे.

कायद्याची चौकट

भारतात संगणक प्रोग्रॅमला कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ‘साहित्यकृती’ म्हणून संरक्षण मिळते. सॉफ्टवेअर विकत घेताना आपण त्याचा कॉपीराइट घेत नाही, ठरावीक अटींवर ते वापरण्याची परवानगी घेतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये इंजिनिअरिंग अ‍ॅनॅलिसिस प्रकरणात, करआकारणीच्या संदर्भात का होईना, हा फरक सविस्तर मांडला आहे. त्यामुळे ‘आम्ही पैसे मोजले आहेत’ हे उत्तर अपुरे ठरते. कशासाठी, किती संगणकांसाठी आणि कोणत्या प्रकारच्या वापरासाठी पैसे मोजले, हा खरा प्रश्न असतो. एका परवान्यावर पाच संगणक चालवणारी कंपनी आणि क्रॅक (परवान्याची तपासणी चुकवणारी फाइल) वापरणारी कंपनी यांच्यात नैतिकदृष्ट्या फरक वाटत असला, तरी उरलेल्या चार संगणकांपुरते दोघींचे स्थान फारसे वेगळे नाही.

फौजदारी बाजूला याच कायद्यातील दोन कलमे महत्त्वाची आहेत. कलम ६३ जाणीवपूर्वक कॉपीराइटचे उल्लंघन करणाऱ्याला किंवा त्याला साहाय्य करणाऱ्याला लागू होते. त्यात सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. कलम ६३-ब खास संगणक प्रोग्रॅमसाठी असून, उल्लंघन करून बनवलेली प्रत जाणीवपूर्वक संगणकावर वापरणाऱ्याला ते किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि तेवढाच दंड सांगते. वापर आर्थिक लाभासाठी किंवा व्यापार-व्यवसायाच्या ओघात झालेला नसेल, तर न्यायालय कारावास वगळून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकते. मात्र ही सवलत कंपनीच्या उपयोगाची नाही, कारण कंपनीतला वापर व्यवसायातलाच असतो. मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले. शिवाय कलम ६४ नुसार पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो. डिझाइन विभागाच्या हार्ड डिस्क पंचनाम्यात गेल्या की शिक्षा व्हायच्या कितीतरी आधी कंपनीचे काम थांबते, आणि व्यवहारात खरा फटका हाच असतो.

संचालकांनी मात्र सर्वांत लक्षपूर्वक वाचावे ते कलम ६९. गुन्हा कंपनीने केला असेल, तर त्या वेळी कंपनीच्या कारभाराची सूत्रे हाती असलेली आणि त्यासाठी कंपनीला जबाबदार असलेली प्रत्येक व्यक्ती दोषी मानली जाते. त्याखेरीज संचालक, व्यवस्थापक, सचिव किंवा अन्य अधिकाऱ्याची संमती, काणाडोळा किंवा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर तोही दोषी ठरतो. भागीदारी संस्था यातून सुटत नाही; या कलमापुरता भागीदार म्हणजे संचालक. कारभार पाहणाऱ्या व्यक्तीला बचाव एवढाच की गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो घडू नये म्हणून आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे तिने सिद्ध करावे. सिद्ध करण्याचा भार तिच्यावर आहे, हे विसरू नये. ‘आयटीचा मुलगा बघतो, मला त्यातले कळत नाही’ हे वाक्य मी अनेक मालकांच्या तोंडून ऐकले आहे. ते त्यांना बचाव वाटते. समोरचा वकील तेच वाक्य निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून वापरेल. दक्षता घेतल्याचा कागद नोटिशीच्या आधीच्या तारखेचा असेल तरच त्याला किंमत आहे, आणि पुढची सगळी मांडणी हाच कागद तयार करण्यासाठी आहे.

दिवाणी बाजू थोडक्यात अशी: कलम ५५ नुसार हक्कधारक मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मागू शकतो. कलम ६२ त्याला स्वतःच्या व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावण्याची मुभा देते, त्यामुळे दावा शिवाजीनगरच्या न्यायालयातच येईल असे गृहीत धरू नये. न्यायालय प्रतिवादीला आधी न कळवता आयुक्त, म्हणजे न्यायालयाचा प्रतिनिधी, नेमून तपासणीसाठी कंपनीत पाठवू शकते. सॉफ्टवेअरचा पुरावा काही मिनिटांत पुसता येतो, हे त्यामागचे कारण आहे, आणि अशा नेमणुकीबाबत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००८ मध्ये ऑटोडेस्क या कॅड सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिलेली आहेत.

मोजणी: कोणत्या संगणकावर काय आहे

पहिले काम म्हणजे यादी. संचालकाने एका लेखी आदेशाने एका व्यक्तीवर ही जबाबदारी सोपवावी आणि आदेशावर तारीख घालावी. खासगी मर्यादित कंपनी असेल तर संचालक मंडळाच्या बैठकीच्या इतिवृत्तात त्याची नोंद घ्यावी. यादीत प्रत्येक संगणकाचे नाव, अनुक्रमांक, तो वापरणारी व्यक्ती, त्यावर बसवलेले प्रत्येक सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती, परवान्याचा प्रकार आणि खरेदीच्या बिलाचा क्रमांक असावा. वीस-पंचवीस संगणकांपर्यंत एक्सेलची शीट पुरते. त्यापुढे जीएलपीआय किंवा ओसीएस इन्व्हेंटरी यांसारखी मुक्तस्रोत साधने वापरावीत, म्हणजे नवे काही बसले की आपोआप नोंद होते. शॉप फ्लोअरवरचा सीएनसी यंत्राला जोडलेला जुना संगणक, गोदामातला बिलिंगचा संगणक आणि घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप या यादीतून हमखास सुटतात. कर्मचाऱ्याचा स्वतःचा लॅपटॉप असला तरी त्यावर कंपनीचे काम होत असेल, तर तोही यादीत घ्यावा.

त्यानंतर बिले काढावीत. असेंबल्ड संगणकाच्या बिलावर बहुधा एकच ओळ असते: ‘कॉम्प्युटर सेट, विंडोज व ऑफिससहित’, आणि पुढे एकत्रित रक्कम. या ओळीतून काहीच सिद्ध होत नाही, कारण तिथे ना आवृत्तीचे नाव असते, ना परवान्याचा प्रकार, ना सॉफ्टवेअरची वेगळी किंमत. योग्य बिलात सॉफ्टवेअरची स्वतंत्र ओळ, त्याचे पूर्ण नाव, परवान्यांची संख्या, मुदत आणि जीएसटीचा तपशील असतो, आणि त्याबरोबर उत्पादकाच्या संकेतस्थळावरील खात्यात तो परवाना कंपनीच्याच नावाने दिसतो. जुन्या, कायमस्वरूपी परवान्यांची कागदपत्रे तर जिवापाड जपावीत. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये असे नवे परवाने विकणे थांबवले, त्यामुळे त्याआधीची प्रत आज वैध असली तरी तिचे कागद हरवले, तर ते पुन्हा मिळवताना नाकी नऊ येतात.

आता प्रत्यक्ष संगणकावर काय दिसते ते पाहू. विंडोजमध्ये परवान्याचा तपशील दाखवणारी आज्ञा चालवली की एक छोटी खिडकी उघडते आणि तीत परवाना कोणत्या मार्गाने आला ते लिहिलेले असते: नव्या संगणकाबरोबर आलेला, दुकानातून स्वतंत्र घेतलेला, किंवा मोठ्या संस्थांसाठीचा व्हॉल्यूम परवाना. आपल्या कंपनीने कधीही व्हॉल्यूम करार केलेला नसताना तिथे व्हॉल्यूम दिसत असेल आणि खाली सक्रियतेची मुदत जास्तीत जास्त १८० दिवसांची दाखवत असेल, तर ‘सगळे टाकून देणाऱ्या’ने केएमएस (संस्थेच्या सर्व्हरवरून व्हॉल्यूम परवाना सक्रिय करण्याच्या) पद्धतीचा बनावट अ‍ॅक्टिव्हेटर चालवला असल्याची शक्यता फार मोठी आहे. असे अ‍ॅक्टिव्हेटर बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यावरून बाकीचा धोकाही लक्षात यावा. नव्या संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो. जुना संगणक भंगारात देऊन त्याची ‘प्रॉडक्ट की’ (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) नव्यावर टाकणे चालत नाही. व्हॉल्यूम परवान्यातील विंडोज ही केवळ अपग्रेड असते, तिच्याखाली मूळ वैध विंडोज असावीच लागते. ही गोष्ट खरेदी विभागाला क्वचितच ठाऊक असते आणि तपासणीत इथेच मोठी तूट निघते.

छपाई, जाहिरात आणि प्रकाशनाच्या व्यवसायात फॉन्ट हा वेगळा विषय आहे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी हे व्यावसायिक उत्पादन आहे, आणि एका छापखान्यातून दुसऱ्या छापखान्यात पेन ड्राइव्हवरून गेलेली फॉन्टची फाइल ही क्रॅक केलेल्या कॅडइतकीच विनापरवाना असते. ज्यांना खर्च परवडत नाही त्यांनी मुक्त परवान्याचे युनिकोड फॉन्ट, उदाहरणार्थ ‘मुक्ता’, वापरावेत. त्यांचा व्यावसायिक वापर विनामूल्य आणि कायदेशीर आहे.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरला आणखी एक बाजू आहे. कंपन्यांनी १ एप्रिल २०२३ पासून, प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा मागोवा ठेवणारे आणि तो मागोवा बंद न करता येणारे सॉफ्टवेअरच हिशेबासाठी वापरावे, असा नियम आहे, आणि लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात भाष्य करावे लागते. क्रॅक केलेली जुनी आवृत्ती वापरणाऱ्या कंपनीची गाठ त्यामुळे कॉपीराइटच्या आधी सीएशी पडते.

फुकट दिसते, पण कंपनीला फुकट नसते

क्रॅक ओळखणे तसे सोपे असते. अधिकृत संकेतस्थळावरून, सरळ मार्गाने उतरवलेले, पण केवळ वैयक्तिक किंवा शैक्षणिक वापरासाठी असलेले सॉफ्टवेअर ओळखणे अवघड जाते, आणि हिंजवडी-खराडीतल्या शहाण्यासुरत्या सॉफ्टवेअर कंपन्याही इथेच फसतात. ओरॅकल कंपनीच्या जावा ८ या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरची जानेवारी २०१९ नंतरची अद्यतने व्यावसायिक वापरासाठी सशुल्क आहेत, आणि २०२३ पासून ओरॅकलची जावाची वर्गणी कंपनीच्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर मोजली जाते. बहुतेकांचे काम ओपनजेडीके या जावाच्या विनामूल्य, मुक्तस्रोत आवृत्तीवर भागते. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स मुक्तस्रोत आहे, पण त्याच्या एक्स्टेन्शन पॅक या जोडभागाची विनामूल्य परवानगी वैयक्तिक, शैक्षणिक आणि चाचणीच्या वापरापुरती आहे. डॉकर डेस्कटॉप हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे साधन २५० हून कमी कर्मचारी आणि एक कोटी डॉलरहून कमी वार्षिक उलाढाल, या दोन्ही अटी पाळणाऱ्या कंपन्यांनाच विनामूल्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाची विनामूल्य कम्युनिटी आवृत्ती लहान कंपनीत पाच जणांपर्यंत वापरता येते. उलाढाल दहा लाख डॉलरच्या वर गेली की सर्वसाधारण कामासाठी ती मुभा संपते. या अटी बदलत राहतात, म्हणून वर्षातून एकदा त्या नव्याने वाचण्याचे काम कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवावे.

अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला उमेदवार स्वतःच्या लॅपटॉपवरील कॅडची विद्यार्थी आवृत्ती घेऊन कामाला लागतो आणि त्याच आवृत्तीत ग्राहकाचे ड्रॉइंग काढतो, हे पुण्यात रोजचे आहे. विद्यार्थी परवाना व्यावसायिक कामाला चालत नाही. रुजू होण्याच्या दिवशीच त्याच्याकडून लेखी हमी घ्यावी आणि कामासाठी लागणारा परवाना कंपनीने द्यावा. परवाना न देता नुसती हमी घेणाऱ्या कंपनीची दक्षता कोणी खरी मानणार नाही.

वितरण: आपण विक्रेते नाही, तरीही

कलम ५१ नुसार उल्लंघन करून बनवलेल्या प्रती विकणे, भाड्याने देणे, व्यापारासाठी वाटणे किंवा हक्कधारकाचे नुकसान होईल इतक्या प्रमाणात वाटणे हेही उल्लंघनच आहे. संगणक विकताना त्यावर विनापरवाना सॉफ्टवेअर भरून देणाऱ्या विक्रेत्यांविरुद्ध मायक्रोसॉफ्टने दावे केले असून, २००५ मध्ये अशाच एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १९.७५ लाख रुपयांची नुकसानभरपाई मंजूर केली होती. संगणक दुरुस्ती आणि देखभालीचा वार्षिक करार घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. ग्राहकाने कितीही आग्रह केला, तरी परवाना ग्राहकाने द्यायचा आणि आपण फक्त बसवायचा, हे करारात आणि प्रत्येक कामाच्या पावतीवर लिहावे.

वितरणाचे कमी लक्षात येणारे प्रकार घरातच असतात. मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर ‘सेटअप’ नावाचा एक फोल्डर असतो आणि शाखा, भगिनी कंपनी, कधी कधी जॉबवर्क करणारे पुरवठादारही तिथून हवे ते उचलतात. चाकणमधल्या पुरवठादाराला ड्रॉइंग उघडता यावे म्हणून सद्भावनेने दिलेली सेटअप फाइल आणि तिच्याबरोबरचा क्रॅक हे वितरण आहे. प्रशिक्षण वर्गात विद्यार्थ्यांना सरावासाठी पेन ड्राइव्हवर भरून दिलेले सॉफ्टवेअरही त्यातच मोडते. हा फोल्डर पासवर्डने बंद करावा, त्यात केवळ परवान्याचा पुरावा असलेल्या फाइल ठेवाव्यात आणि कोणी काय उतरवले याची नोंद ठेवावी. ड्रॉइंग नुसते पाहायचे असेल, तर बहुतेक कॅड कंपन्यांचे विनामूल्य व्ह्यूअर उपलब्ध आहेत.

सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या कंपन्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण त्यांचे उत्पादनच दुसऱ्याकडे जाते. जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याचा कोड आपल्या उत्पादनात मिसळून त्याची प्रत ग्राहकाला दिली, की त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, उपलब्ध करून देण्याची अट लागू होते. एजीपीएल या त्याच्याच अधिक कडक प्रकारात, बदल केलेला प्रोग्रॅम केवळ नेटवर्कवरून वापरायला दिला तरी ती लागू होते. अट मोडली तर परवाना संपुष्टात येतो आणि त्यानंतरचे वितरण विनापरवाना ठरते. जीपीएलच्या २००७ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत, पहिल्यांदाच चूक झालेल्याने सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत ती सुधारल्यास परवाना परत मिळण्याची सोय आहे. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती नाही. प्रत्येक उत्पादनासोबत त्यातील घटकांची आणि त्यांच्या परवान्यांची यादी ठेवावी. परदेशी ग्राहकांच्या करारात आपण कोणाच्याही हक्काचे उल्लंघन केलेले नाही अशी हमी आणि तसे निघाल्यास भरपाईची जबाबदारी बहुधा असतेच, आणि ती रक्कम भारतीय कायद्यातील दंडाच्या कैक पटींनी मोठी असू शकते.

नोटीस आल्यावर

आजकालची बरीच सॉफ्टवेअर इंटरनेटला जोडली गेली की आपल्या सक्रियतेची माहिती उत्पादकाला पाठवतात. त्यामुळे नोटिशीत संगणकाचे नाव, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, आयपी पत्ता, कंपनीच्या ईमेलचे डोमेन आणि वापराच्या तारखा यांचा तक्ताच जोडलेला असतो. असा तक्ता पाहून घाबरलेला मालक पहिली सूचना देतो ती सगळे काढून टाकण्याची, आणि ती सर्वांत घातक असते. पुरावा म्हणून मागितला जाऊ शकेल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पुसल्याच्या खुणा राहतातच. त्याऐवजी त्या संगणकांवरील विनापरवाना सॉफ्टवेअरचा वापर त्याच दिवशी लेखी आदेशाने थांबवावा, संगणक बाजूला ठेवावेत आणि वकिलाच्या देखरेखीखाली स्थितीची नोंद करावी. नोटीस मिळाल्यानंतरचा वापर अजाणतेपणी झाला असे म्हणण्याची सोय उरत नाही, म्हणून थांबवणे तातडीचे आणि पुसणे वर्ज्य.

मग नोटीस पाठवणारा कोण हे तपासावे. हक्कधारकाने त्याला दिलेले अधिकारपत्र मागावे, ते देण्यात प्रामाणिक वकिलाला अडचण नसते. पैसे एखाद्या व्यक्तीच्या किंवा अनोळखी संस्थेच्या खात्यात मागितले असतील, तर हक्कधारकाच्या भारतातील अधिकृत कार्यालयाशी थेट पत्रव्यवहार करावा. तक्त्यातील मॅक पत्ते आपल्या यादीशी ताडून पाहावेत. एखादा पत्ता पाहुण्याच्या किंवा नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपचा निघू शकतो, आणि आपली यादी तारखेनिशी तयार असेल तरच ते दाखवता येते. स्वतः तपासणी करून भरून द्यायचा अर्ज सोबत असेल, तर वकिलाने वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये, कारण तो भरलेला अर्ज कबुलीजबाबासारखा वापरला जाऊ शकतो. उत्तर मात्र मुदतीत द्यावे. गप्प राहिलेल्या कंपनीविरुद्ध एकतर्फी हुकूम मागणे समोरच्याला सोपे जाते.

बहुतेक प्रकरणे तडजोडीने मिटतात. तडजोडीत मागील वापराची भरपाई, पुढील परवान्यांची खरेदी आणि पुन्हा असे न करण्याची हमी एवढे असते. कधी पुढील काही काळ तपासणी करू देण्याची अटही असते. भरपाईच्या रकमेवर वाटाघाटी होतात, पण त्यासाठी आपल्याला नेमके किती परवाने लागतात हे ठाऊक असावे. भीतीपोटी पंचवीस परवाने घेऊन त्यातले आठच वापरणारी कंपनी पुढची तीन वर्षे वर्गणी भरत बसते. नोटिशीनंतर घेतलेले परवाने मागच्या वापराला लागू होत नाहीत, आणि मागच्या तारखेचे बिल तयार करून देणारा विक्रेता भेटला, तर त्याच्यापासून चार हात लांब राहावे, कारण मग प्रकरण कॉपीराइटपुरते न राहता बनावट दस्तऐवजाचे होते. मागील सर्व वापराबाबत दिवाणी आणि फौजदारी दोन्ही दावे सोडून दिल्याचे कलम करारात स्पष्ट असावे.

पोलिसांत गुन्हा आधीच नोंदवला गेला असेल, तर नुसत्या तडजोडीने तो संपत नाही. दोन्ही पक्षांच्या संमतीने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली तो रद्द करून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी हक्कधारकाच्या प्रतिनिधीचे संमतीचे प्रतिज्ञापत्र लागते. ते प्रतिज्ञापत्र केव्हा आणि कोणाच्या खर्चाने मिळेल, हे तडजोडीच्या करारातच, पैशाचा शेवटचा हप्ता देण्याच्या आधीच्या टप्प्यावर लिहून घ्यावे.